चार हात जमीन पाहून



माझ्या दवाखान्यातल्या कपाटात एका बाटलीवर 'ड्रोसेरा' असे नाव आहे. होमिओपॅथी शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला ते पाठ असते. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की उसळणारा, एका उबळीवर दुसरी उबळ आणणारा खोकला, डांग्या खोकला, अशा लक्षणांसमोर हानेमान यांनी हे औषध सांगून ठेवले आहे. मीही ते पाठ केले, परीक्षेत लिहिले आणि पुढे पंचवीस वर्षे त्या बाटलीतल्या गोळ्यांच्या पुड्या बांधून देत राहिलो. हे औषध एका वनस्पतीपासून तयार होते हे मला ठाऊक होते. ती वनस्पती दिसते कशी, हे मात्र मी कधी कुणाला विचारले नाही.

मग एका भाद्रपदात, जांबोटी-कणकुंबी ओलांडून चोर्ला घाटाच्या माथ्यावर आम्ही दोघे-तिघे फिरायला गेलो होतो. बरोबर वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक होते. चालता चालता ते एकदम म्हणाले, "डॉक्टर, पाय तिथंच ठेवा. तुमचं औषध तुमच्या बुटाखाली येतंय."

मी खाली पाहिले. आधी काहीच दिसले नाही. ओले गवत, लाल माती, काळपट दगड. मग उकिडवा बसलो, तेव्हा बोटभर उंचीचे एक तांबूस रोप दिसले. दोऱ्यासारखी पाने, पानांवर बारीक केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला एकेक चकचकीत थेंब. एका पानावर चिलटाएवढी माशी अडकलेली होती आणि अजून पाय हलवत होती. बाटलीतली जात वेगळी. ती गोल पानांची असते आणि थंड प्रदेशांत वाढते. आपल्याकडची ही 'ड्रोसेरा इंडिका'. पण दोघी एकाच कुळातल्या, सख्ख्या नसल्या तरी चुलत बहिणी. पंचवीस वर्षे जिचे नाव रोज वाचले, ती माझ्या गावापासून दीड तासाच्या अंतरावर दरवर्षी उगवत होती.

त्यानंतर मी कॅमेरा घेतला. या लेखात मला तुम्हांला तीन गोष्टी सांगायच्या आहेत : अशी लहान फुले शोधायची कशी, त्यांचे चांगले छायाचित्र घ्यायचे कसे, आणि ते घेताना त्यांना जगू द्यायचे कसे. तिसरी गोष्ट मी सगळ्यांत उशिरा शिकलो, आणि ती शिकताना नुकसान माझे झाले नाही, फुलांचे झाले.

सडा म्हणजे काय

आंबोली, चोर्ला, गोव्याचा आणि सिंधुदुर्गाचा भाग, या टापूत डोंगरमाथ्यावर किंवा किनाऱ्याजवळ जी सपाट, खडकाळ पठारे दिसतात त्यांना आपण सडा म्हणतो. साताऱ्याजवळचे कास पठार याच जातीचे. खाली आहे जांभा दगड. हजारो-लाखो वर्षांच्या पावसाने आणि उष्णतेने मूळ खडकातली विरघळणारी द्रव्ये धुऊन नेली आणि लोह व ॲल्युमिनियम मागे उरले, तो हा तांबडा, सच्छिद्र दगड. ज्याचे चिरे काढून कोकणात आणि गोव्यात घरे बांधतात, तोच. फ्रान्सिस बुकॅनन याने मलबारातल्या अंगाडिपुरम येथे हा दगड पाहून १८०७ साली त्याला 'लॅटराइट' असे नाव दिले. लॅटिन भाषेत त्या शब्दाच्या मुळाचा अर्थच वीट असा आहे.

उन्हाळ्यात सड्यावर गेलात तर तुम्हांला काहीच दिसणार नाही. तापलेला दगड आणि वाळलेले गवत. सरकारी दप्तरात आणि लोकांच्या बोलण्यातही अशा जमिनीला 'पडीक' म्हणतात. चिरेखाण काढायला, रस्ता न्यायला तीच जागा सोयीची वाटते. पण दगडाच्या खोलगट भागांत बोटा-दोन बोटांचा मातीचा थर असतो. मृगाचा पाऊस पडला की त्या थरातले बी जागे होते आणि चार महिन्यांत उगवणे, फुलणे, बी धरणे, मरणे असा सगळा संसार उरकून टाकते. यांतल्या बहुतेक वनस्पती वर्षायू आहेत. पुढच्या वर्षी त्या जागी काय उगवेल, ते यंदा तिथे पडलेल्या बियांवर ठरते. ही गोष्ट लक्षात ठेवा. शेवटी तिच्याकडे परत यायचे आहे.

शोधायचे कसे

आम्हां जैनांच्या आचारात ईर्यासमिती नावाचा एक नियम आहे. मुनींनी चालताना समोरची चार हात जमीन नीट पाहत चालावे, म्हणजे पायाखाली जीव येणार नाही. पावसाळ्यात तर जमिनीवर इतका जीव उगवतो की मुनी विहारच थांबवतात आणि चातुर्मास एका ठिकाणी राहतात. बेळगावच्या आसपास राहणाऱ्यांना हे नवे नाही. लहानपणी मी ते धर्म म्हणून ऐकले. सड्यावर गेल्यावर कळले की लहान फुले शोधण्याची याहून चांगली रीत नाही.

माणसाची नजर सवयीने दूर जाते, दरीकडे, धबधब्याकडे. ती चार हातांत आणा. एका जागी उभे राहा आणि पाऊल उचलण्याआधी समोरचा तुकडा डावीकडून उजवीकडे वाचा, जशी आपण ओळ वाचतो. मग खाली बसा. उभ्या माणसाला जिथे 'हिरवे गवत' दिसते, तिथे बसलेल्या माणसाला पाच-सहा वेगवेगळी झाडे दिसतात. मी नव्या माणसाला घेऊन जातो तेव्हा एकच अट घालतो : पहिली पंधरा मिनिटे कॅमेरा पिशवीत राहील.

जवळ एक दहापट भिंग ठेवा. सोनार हिरा पाहायला वापरतात तेच. ते वापरण्याची एक पद्धत आहे, बहुतेकजण उलटे करतात. भिंग फुलाजवळ धरून आपण लांबून पाहत नाही. भिंग डोळ्याला चिकटवायचे आणि डोके फुलाकडे न्यायचे. दहापट भिंगातून फूल साधारण अडीच सेंटिमीटरवर आले की स्पष्ट दिसते. म्हणजे नाक जवळजवळ मातीला टेकते.

महिन्याचेही भान हवे. पहिल्या वळवाच्या आणि मृगाच्या पावसात आंबोलीच्या कातळावर साचलेल्या उथळ डबक्यांत एक लहानसा पिवळट भेक विणीसाठी येतो. 'आंबोली टोड' या नावाने ओळखला जाणारा हा प्राणी शास्त्राच्या दप्तरी स्वतंत्र जात म्हणून नोंदला गेला तो २००९ साली, म्हणजे अगदी काल-परवा. श्रावणात पांढरे गेंद दिसू लागतात. भाद्रपदात आसवे, दवबिंदू, कवला, तेरडा यांचा बहर. दसऱ्यापर्यंत गवत पिवळे पडते आणि खेळ आटोपतो. दुर्गाबाई भागवतांनी 'ऋतुचक्र' महिन्यामहिन्याने रचले आहे. सड्यालाही तसेच महिन्यामहिन्याने भेटावे लागते. एकाच जागी वर्षातून चार वेळा जाणारा माणूस चार जागी एकेकदा जाणाऱ्यापेक्षा जास्त पाहतो.

दवबिंदू, आसवे आणि गेंद

ड्रोसेरा हे नाव दव या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. आपल्याकडे या वनस्पतीला दवबिंदूच म्हणतात. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन भाषांनी एकच गोष्ट पाहिली. फरक एवढाच की हे दव उन्हाने उडत नाही, कारण ते पाणी नसून चिकट स्राव आहे. सड्यावरच्या मातीत नत्र फार कमी. ते भरून काढायला ही वनस्पती किडे पकडते, केस हळूहळू त्याच्यावर वळवते आणि त्याला पचवते. चार्ल्स डार्विनने कीटकभक्षी वनस्पतींवर १८७५ साली एक पूर्ण ग्रंथ लिहिला आणि त्यातला मोठा भाग ड्रोसेरालाच दिला. त्याला दिसले की माणसाच्या केसाचा अगदी बारीक तुकडा ठेवला तरी पानावरचा केस वळतो. पण पावसाचा थेंब पडला तर तो ढिम्म हलत नाही. पाऊस कोणता आणि भक्ष्य कोणते, हे त्या रोपाला कळते.

सीतेची आसवे हे नाव तुम्ही ऐकले असेल. जांभळट निळ्या, नखाएवढ्या फुलांचा सडाभर गालिचा. डोळ्यांना वर फक्त हळवेपणा दिसतो. या वनस्पतीला खरी मुळे नसतात. ओल्या मातीत तिच्या बारीक तंतूंवर मोहरीहूनही लहान पिशव्या असतात. पिशवीच्या दाराशी सूक्ष्म जीव टेकला की दार आत उघडते आणि तो पाण्यासकट ओढला जातो. हे सगळे सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागात घडते. आपली पापणी लवायला याच्या शंभरपट वेळ लागतो.

गेंदाचे तसे नाही. तो कुणाला खात नाही. काडीच्या टोकावर पांढरे बटण. एक फूल वाटते, पण भिंग लावा : त्यात दाटीने बसलेली डझनावारी फुले आहेत आणि कित्येक जातींत प्रत्येक फुलात टाचणीच्या टोकाएवढे काळे परागकोश आहेत. मी शंभर वेळा गेंद ओलांडून गेलो असेन. भिंगातून एकदा पाहिल्यावर पुन्हा ओलांडवला नाही.

मिलिमीटरचा हिशोब

आता छायाचित्राकडे येऊ. लहान वस्तूचे छायाचित्र अवघड का, हे एका हिशोबाने समजते. वस्तू जेवढी आहे तेवढीच कॅमेऱ्याच्या सेन्सरवर उमटली तर त्याला एकास एक प्रमाण म्हणतात. मॅक्रो लेन्स एवढे जवळ जाऊ शकते. पण जितके जवळ जावे तितका स्पष्ट दिसणारा थर पातळ होतो. एकास एक प्रमाणात, मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात, लेन्सचे छिद्र एफ २.८ इतके मोठे ठेवले तर स्पष्ट थर मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा असतो. एफ ११ ला तो सव्वा मिलिमीटरच्या आसपास जातो. छिद्र आणखी बारीक करत गेलात तर थर वाढतो, पण प्रकाशाच्या स्वभावामुळे सगळेच चित्र किंचित मऊ पडू लागते. म्हणून मी एफ ८ ते एफ १३ यांच्यामध्ये राहतो.

सव्वा मिलिमीटर म्हणजे काय? तुम्ही श्वास घेतलात की डोके यापेक्षा जास्त हलते. वाऱ्याची झुळूक आली की देठ यापेक्षा जास्त डुलतो. म्हणून तीन गोष्टी करा. एक, कॅमेरा आणि फुलाची मुख्य पाकळी समांतर ठेवा, म्हणजे तो पातळ थर पाकळीवर पूर्ण बसेल. दोन, फोकसची कडी फिरवत बसू नका. ती एका जागी ठेवून स्वतःचे शरीर तांदळाच्या दाण्याएवढे पुढे-मागे न्या. तीन, एक चित्र काढून समाधान मानू नका, दहा काढा. नऊ टाकून द्यायची तयारी ठेवा.

महागडी लेन्स नसेल तर अडत नाही. जुन्या कॅमेऱ्याची ५० मिलिमीटरची लेन्स उलटी बसवायची कडी मिळते; ती लावली की तीच लेन्स मॅक्रोचे काम करते. मोबाइलवर चिमट्याने लावायचे भिंग मिळते. मोबाइल फार जवळ नेला की त्याचीच सावली फुलावर पडते, म्हणून थोडे मागे राहा आणि पडद्यावर फुलाच्या जागी बोट दाबून फोकस पक्का करा.

उजेड, वारा आणि छत्री

सड्यावरचे माझे सगळ्यांत उपयोगी साधन म्हणजे काळी छत्री. ती वाऱ्याच्या बाजूला आडवी धरली की देठ स्थिर होतो. ऊन कडक असेल तर तीच सावली देते. उजेड मऊ हवा असेल तर फुलाच्या आणि सूर्याच्या मध्ये पांढऱ्या धोतराचा तुकडा धरावा. सावलीतली बाजू उजळायची असेल तर डब्याचे स्टीलचे झाकण पुरते.

ढगाळ सकाळ फुलांना चांगली. दवबिंदूला मात्र मागून येणारे कोवळे ऊन हवे. सूर्य रोपाच्या पलीकडे ठेवा, मागे अंधारे गवत येऊ द्या, मग प्रत्येक थेंब दिव्यासारखा लागतो. पावसाच्या थेंबाचीही एक गंमत आहे. गवताच्या पात्यावर थेंब लोंबत असेल आणि त्याच्यामागे वीतभरावर फूल असेल, तर थेंबात ते फूल उलटे दिसते, कारण थेंब हेही एक भिंगच आहे. तिथे फोकस फुलावर नाही, थेंबाच्या आतल्या चित्रावर करायचा.

आणि फुलाकडे वरून पाहू नका. वरून घेतलेले चित्र नोंदीसारखे दिसते. त्याच्या उंचीवर या. त्यासाठी आडवे व्हावे लागते. इथेच माझी चूक झाली.

माणसाच्या लांबीचा पट्टा

लेन्स नवी होती. एका खोलगट जागेत दवबिंदूचे एक देखणे रोप सापडले. मी प्लॅस्टिकचा कागद पसरला, त्यावर पालथा पडलो आणि तासभर हललो नाही. चित्र सुरेख आले. एका प्रदर्शनात लागले, लोकांनी नावाजले. ते मोठ्या आकारात छापून आले तेव्हा डाव्या कोपऱ्यात एक निळसर, पुसट रेघ दिसली. मला वाटले लेन्सचा दोष. नीट पाहिले, तर ते माझ्या कोपराखाली मोडलेले आसवाचे फूल होते.

त्याआधी एक गोष्ट घडली होती आणि मी तिच्याकडे काणाडोळा केला होता. चित्र काढल्यावर आठ दिवसांनी मी त्याच जागी पुन्हा गेलो होतो. फुलांच्या मधोमध एक तपकिरी पट्टा पडलेला होता. साडेपाच फूट लांब, दीड-दोन फूट रुंद. खांदे कुठे होते, गुडघे कुठे होते, तेही सांगता आले असते. माझ्याबरोबरच्यांनी विचारले, "इथं गुरं बसली होती काय?" मी "असेल" म्हणालो.

ज्या घरात पाणी गाळून पितात, चातुर्मासात पालेभाजी आणत नाहीत, त्या घरातला मी. एका रोपाच्या प्रेमापोटी मी शेकडो रोपे लोळून मारली होती, तीही बी धरायच्या आत. आठवा, ती वर्षायू आहेत. मी फक्त यंदाची फुले मोडली नव्हती, त्या तुकड्यातली पुढच्या वर्षाची पेरणीही काढून घेतली होती. आणि त्याचे बक्षीस म्हणून लोक मला 'निसर्गप्रेमी' म्हणत होते.

ते चित्र मी भिंतीवरून उतरवले नाही. दवाखान्यात लावले आहे, कोपऱ्यातल्या त्या रेघेसकट. ते पाहूनच पुढचे नियम ठरवले. पाय, गुडघा, कोपर टेकायचा तो मोकळ्या कातळावर. कातळावरून पोहोचता येत नसेल तर ते चित्र घ्यायचे नाही. दुसरे रोप शोधायचे. सड्यावर ते असतेच, फक्त चार हात जमीन अजून पाहावी लागते. मध्ये येणारे गवताचे पाते उपटायचे नाही, बोटाने बाजूला धरायचे आणि सोडून द्यायचे. कोणतेही फूल खुडून सोयीच्या जागी रोवायचे नाही. किडे हलू नयेत म्हणून त्यांना फ्रिजमध्ये ठेवून सुस्त करणारे लोक आहेत. तसल्या चित्राला कितीही दाद मिळो, ते खोटे आहे. एका रोपाजवळ एका वेळी एकच माणूस. आणि चित्र लोकांना दाखवताना नेमकी जागा सांगायची नाही. कासला येणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली, ती वाईट माणसांमुळे नव्हे. फुलांवर प्रेम करणारी फार माणसे एका वेळी आली म्हणून.

मुनींच्या हातात मोरपिसांची पिंछी असते. बसण्याआधी ते तिने जागा हलकेच झाडून घेतात. मोराने आपण होऊन टाकलेलीच पिसे त्यासाठी घेतात, आणि ती इतकी मऊ असतात की डोळ्याला लागली तरी इजा होऊ नये. आपल्या हातात पिंछी नाही, कॅमेरा आहे. पण बसण्याआधी खाली पाहण्याचा नियम आपल्यालाही लागू आहे.

घरच्या भिंतीपासून

माझ्या वयाच्या वाचकांना वाटेल, गुडघे दुखतात, घाट कुठला चढणार? त्यांनी भिंतीपासून सुरुवात करावी. श्रावणात परसातल्या जुन्या भिंतीवर किंवा विहिरीच्या कठड्यावर शेवाळ्याची हिरवी मखमल येते. तिथे वाकावेही लागत नाही. भिंग डोळ्याला लावा आणि जवळ जा. मखमलीतून केसासारखे देठ वर आलेले असतील, प्रत्येकाच्या टोकाला टोपी घातलेली एक इवलीशी कुपी. टोपी पडली की हवा कोरडी होईल तसतसे कुपीचे तोंड उघडते आणि आतले धुळीसारखे बीजाणू वाऱ्यावर जातात. दिवाळीच्या आधी रंगारी येऊन ती भिंत खरवडून जातो, म्हणून आपण तिला आजवर घाण समजत आलो.

यंदा रंगाऱ्याला आठ दिवस उशिरा बोलवा. ती भिंत आधी एकदा पाहून घ्या. चित्र नाही काढले तरी चालेल.